लेझर आधी की क्रीम? डाग कोणता ते पाहून ठरवा

लेझरने डाग जाईल की नाही, हे रंगद्रव्य किती खोल बसलंय त्यावर ठरतं. मशीन किती भारी आहे हा नंतरचा प्रश्न.

डोळ्याभोवती, बहुधा एकाच बाजूला असलेला निळसर-करडा चट्टा (ओटाचा नीव्हस) खालच्या थरातला. तिथे क्रीम पोहोचत नाही, पैसे वाया. इथे क्यू-स्विच्ड एनडी-याग (रंगद्रव्य फोडणारं, अतिशय आखूड झटक्यांचं लेझर), १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, हाच पहिला पर्याय. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने बऱ्याच सिटिंग लागतात. पापणीवर काम असेल तर नुसता गॉगल चालत नाही. भुलीचे थेंब घालून डोळ्यात धातूची शील्ड बसवावी लागते.

उन्हाचे तपकिरी ठिपके वरवरचे, त्यांना त्याच लेझरची ५३२ नॅनोमीटर तरंगलांबी. एक-दोन सिटिंगमध्ये फरक दिसतो. झटका बसताच ठिपका पांढरट होतो, मग खपली धरते आणि आठवड्या-दहा दिवसांत गळते. नखाने काढली तर डाग ठरलेला. सावळ्या त्वचेत आजूबाजूचं मेलॅनिनही (त्वचेचं रंगद्रव्य) हा प्रकाश शोषतं, म्हणून कानापुढे छोटी चाचणी करून चार-सहा आठवडे थांबणारा डॉक्टर बरा. आकार किंवा रंग बदलणाऱ्या ठिपक्याला मात्र तपासणीआधी लेझर नकोच.

खरी फसगत वांगात होते. दोन्ही गालांवर, कपाळावर पसरलेला वांग लेझरने फिका होतो आणि पुष्कळदा परत येतो. उष्णतेने उलट भडकूही शकतो. आधी सनस्क्रीन, तेही आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो. सोबत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइडचं तिहेरी क्रीम: रात्री, फक्त डागावर, साधारण आठ आठवडे. गरोदरपणात नाही. दुकानातून परस्पर आणून वर्षभर लावलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं येतात.

एवढं करूनही वांग हटला नाही तर कमी ऊर्जेचं १०६४ टोनिंग, म्हणजे त्याच लेझरचे हलके झटके. दर आठवड्याला मारत राहिलं की खडीसारखे पांढरे ठिपके उमटतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा कठीण. वांगासाठी दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ घेऊ नये ते यासाठीच.

पिको लेझरची स्पंदं (प्रकाशाचे झटके) त्याहून आखूड, त्यामुळे उष्णता कमी, खर्च जास्त. वांग त्यानंतरही परततो.

त्वचा उन्हाने रापलेली असेल तर कोणतंही लेझर रंग उतरेपर्यंत पुढे ढकला.