रोलरचे शिंतोडे: चांगलं कव्हर, झाकणवाला रोलर की सपाट पॅड?

खोली रंगवायला एक दिवस लागतो. मग फरशी, खिडकीच्या काचा आणि चष्मा खरवडण्यात आणखी दोन दिवस जातात. मी पहिल्यांदा छत रंगवलं तेव्हा उतरल्यावर आरशात पाहिलं, तर केस अवेळी पिकल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून शिंतोडे कमी करणारी म्हणून विकली जाणारी बरीच साधनं वापरून झाली. नवं काही घेण्याच्या विचारात असाल, तर आधी एवढं बघा की ते साधन रंग उडूच देत नाही, की उडालेला रंग फक्त झेलतं. दोन्हींचे पैसे सारखे लागले तरी उपयोग सारखा नसतो.

शिंतोडे दोन प्रकारे उडतात. गरगर फिरणाऱ्या रोलरच्या लवेतला, म्हणजे त्यावरच्या केसाळ धाग्यांतला जादा रंग बाहेर फेकला जातो, ते मोठे थेंब. दुसरा प्रकार सहसा लक्षात येत नाही. रोलर भिंतीपासून सुटतो त्या रेषेवर रंगाच्या बारीक तारा निघतात, डिंक लागलेली बोटं विलग करताना निघतात तशा. त्या तुटल्या की धुक्यासारखे कण हवेत पसरतात. चष्म्यावर दिसणारी ती बारीक रांगोळी या कणांची.

फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. हात दुप्पट वेगाने फिरला तर जोर चौपट. रोलर जाडीला निम्मा असेल, तर हात त्याच वेगाने फिरला तरी जोर दुप्पट होतो, कारण बारीक रोलरला तेवढ्याच अंतरात जास्त गिरक्या घ्याव्या लागतात. म्हणूनच ४ इंच लांबीचा बारीक रोलर 'हलका आहे, कमी उडवेल' म्हणून मोठ्या भिंतीवर वापरू नये. तो दारामागच्या चिंचोळ्या जागेसाठी आणि पाइपमागच्या भिंतीसाठी. मोकळ्या भिंतीला ९ इंच लांबीचा, जाड गाभ्याचा रोलर घ्यावा.

माझ्या मते पैसे आधी कव्हरवर, म्हणजे रोलरवर चढवायच्या लवदार नळीवर घालावेत. लव जितकी आखूड तितके शिंतोडे कमी, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ६ मिमी लवेच्या कव्हरमध्ये रंग फार मावत नाही. दोन फेऱ्यांत ते कोरडं पडतं आणि मग आपण ते दाबून, भराभर घासायला लागतो. उडवाउडवी तिथेच सुरू होते. उलट १९ मिमीची लव गुळगुळीत भिंतीवर फिरवली तर तिच्या पोटातला रंग भिंतीला लागण्याऐवजी हवेत जातो, आणि भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखा पोत उरतो तो वेगळाच. गुळगुळीत भिंतीला १० मिमी, किंचित खरखरीत असेल तर १२-१३ आणि १९ मिमी फक्त खडबडीत गिलाव्यासाठी, हा हिशेब मला अजून तरी बदलावा लागलेला नाही.

कापडात मायक्रोफायबर आणि साधं विणलेलं कव्हर यांत निवडायचं असेल तर इमल्शनसाठी, म्हणजे भिंतीच्या पाण्याच्या रंगासाठी मी डोळे मिटून मायक्रोफायबर घेतो. ते रंग धरूनही ठेवतं आणि दाबाशिवाय सोडतंही. दाट विणीचं कव्हर धागे कमी सोडतं, त्यामुळे चकचकीत रंगासाठी ते बरं. फोमचा रोलर दारं-कपाटांवर ऑइल पेंट लावायला छान, पण भिंतीवर नको. जरा दाबला की स्पंजासारखा पिळला जातो, कडेने रंग गळतो आणि बुडबुडेही येतात. स्वस्त कव्हरचा आणखी एक ताप म्हणजे सुटे केस. नवं कव्हर आधी धुऊन घ्या, किंवा त्यावर चिकटपट्टी फिरवून केस काढा. पाण्याच्या रंगासाठी ते ओलं करून नीट झटकायचं आणि मगच रंगात बुडवायचं. पाणी निथळत असताना बुडवलं तर काही फायदा नाही.

झाकणवाला रोलर म्हणजे वरून प्लास्टिकचं अर्धगोल कवच असलेला. जाहिरातीत तो सर्वांत हुशार दिसतो. छताला तो खरंच उपयोगी आहे, कारण तिथे रोलर आणि तोंड यांच्यामध्ये काहीतरी आडवं हवंच असतं. पण उडालेला रंग कवचाच्या आत साचतो आणि थोड्या वेळाने कडेवरून जाडजूड थेंबाच्या रूपात खाली पडतो. दर काही मिनिटांनी ते पुसावं लागतं. शिवाय वजन वाढतं आणि कवच आड आल्याने कोपऱ्यापर्यंत पोचता येत नाही. भिंतीसाठी मी तो घेणार नाही. छतासाठीही आधी लांब दांडा घेईन. दांडा तिरका धरला की आपण रोलरच्या थेट खाली येत नाही, आणि हात आपोआप संथ चालतो. चष्मा नसेल तर गॉगल मात्र हवाच.

सपाट पॅड म्हणजे रंगात बुडवून भिंतीवर सरकवायचा चपटा लवदार तुकडा. तो फिरतच नाही, त्यामुळे शिंतोडे जवळजवळ शून्य. सामान हलवता येत नाही अशी खोली किंवा जिन्यातली एखादी भिंत असेल तर हाच घ्यावा. किंमत वेळेत मोजावी लागते. रंग कमी मावतो, सारखं बुडवावं लागतं आणि मोठ्या भिंतीवर पट्ट्यांचे जोड दिसण्याची भीती असते. (स्प्रेचा विचार करत असाल तर सोडून द्या. त्याचं धुकं झाकायला खोलीभर प्लास्टिक लागतं.)

साधनांइतकाच फरक डब्यातल्या रंगाने पडतो, आणि या बाजूकडे फार कमी लोक बघतात. रंग घट्ट करायला जुन्या पद्धतीने सेल्युलोजची द्रव्यं वापरली असतील तर तारा लांब ताणल्या जातात आणि शिंतोडे वाढतात. असोसिएटिव्ह प्रकारची, म्हणजे रंगातल्या कणांना एकमेकांशी जोडून घट्टपणा आणणारी द्रव्यं असतील तर तारा लवकर तुटतात आणि कण कमी उडतात. हे डब्यावर लिहिलेलं नसतं, पण 'कमी शिंतोडे' किंवा 'न गळणारा' असं लिहिलेलं असलं तर छतासाठी थोडे जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घातलं तर मात्र महागडा रंगही गळणारच.

ट्रे की बादली? एका खोलीला ट्रे पुरतो. जास्त काम असेल तर बादली आणि तिच्यात तिरकी जाळी. जाळीवर रोलर चार-पाच वेळा फिरवला की जादा रंग तिथेच उतरतो. ट्रेच्या उतारावरही हे जमतं, पण तो पायाने लवंडतो. माझा दोनदा लवंडला आहे.

थोडक्यात माझी खरेदी अशी असेल: रिकाम्या खोलीला १० मिमी मायक्रोफायबर कव्हर आणि दांडा, बाकी काही नाही. छतही असेल तर त्यात कमी शिंतोड्यांचा रंग. भरलेल्या खोलीतली एकच भिंत असेल तर पॅड. झाकणवाला रोलर फक्त छत ठेंगणं असेल आणि दांडा वापरायला जागाच नसेल तर.

रंगांच्या शिंतोड्यांसाठी एएसटीएम (वस्तूंच्या चाचण्यांची प्रमाणं ठरवणारी अमेरिकी संस्था) हिची डी४७०७ नावाची प्रमाणित चाचणी आहे. तिच्यात खाली कागद ठेवून त्यावर पडलेले थेंब ठरावीक नमुन्यांशी ताडून बघतात. घरीही हे करता येतं. रंगाच्या उलट छटेचा कागद भिंतीलगत खाली ठेवा, भरलेल्या रोलरचा पहिला फटका खालून वर आणि सावकाश मारा, टोकाला पोचल्यावर रोलर झटकन उचलू नका. मग तेच थोडं जोरात करून दुसऱ्या कागदावर बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की नवं काही विकत घ्यायचं, की हात जरा आवरायचा, ते कळेल.