फिस्ट ऑफ फ्युरी: गल्लीतल्या कॅसेटपासून ब्लू-रेपर्यंत, आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, हा डबा उघडून फोटो टाकायचा रिव्ह्यू नाहीये. ब्रुसलीच्या पाच सिनेमांचा ब्लू-रे सेट घरात येऊन आठ महिने झाले, त्यातली फिस्ट ऑफ फ्युरीची डिस्क सात-आठ वेळा तरी फिरली असेल. दोनदा बाबांबरोबर, एकदा लेकीबरोबर, आणि बाकीच्या वेळी जेवण झाल्यावर 'फक्त डोजोची (जपानी आखाड्यातली) मारामारी बघतो' म्हणून लावली आणि बघता बघता साडेबारा वाजले.

माझं लहानपण इचलकरंजीतलं. गणपतीत गल्लीत व्हीसीआर भाड्याने यायचा, त्याबरोबर कलर टीव्ही आणि एका रात्रीला तीन कॅसेटी. पहिला देवाचा सिनेमा, दुसरा अमिताभचा, आणि आया-बाया झोपायला गेल्या की तिसरा ब्रुसली. ब्रुस वेगळं आणि ली वेगळं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आमच्यासाठी तो एका दमात म्हणायचा 'ब्रुसली'च होता. कॅसेट कितवी कॉपी असायची देव जाणे, चेहरे लाल आणि खालच्या बाजूला सतत पांढऱ्या रेघा. तरी तो जपान्यांना कागद खायला लावायचा सीन आला की शिट्ट्या पडायच्या.

ज्यांनी बघितलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळींत. १९७२ चा हाँगकाँगचा सिनेमा, गोल्डन हार्वेस्ट कंपनीचा, दिग्दर्शक लो वेई. गोष्ट शांघायची. हुओ युआनजिया नावाचे खरोखरचे कुंग फू गुरू होऊन गेले, १९१० मध्ये शांघायला वारले, जपान्यांनी विष घातलं अशी वदंता तेव्हापासूनची. सिनेमा तीच वदंता खरी धरून चालतो. त्यांचा शिष्य चेन झेन, म्हणजे ब्रुसली, हा मात्र कल्पनेतला माणूस, पण तिकडे तो इतका खरा होऊन बसलाय की त्याच्यावर पुढे कितीतरी सिनेमे आणि सिरियली निघाल्या, जेट लीचा १९९४ चा फिस्ट ऑफ लेजंड त्यातलाच.

आता डिस्ककडे. मी आत्तापर्यंत हा सिनेमा विकत घेतला तीनदा, आणि त्यातला पहिला हा सिनेमाच नव्हता. झालं काय, जुन्या अमेरिकन रिलीजमध्ये नावांची खिचडी झालेली आहे. द बिग बॉस हा ब्रुसलीचाच ड्रग्जच्या धंद्यावरचा सिनेमा, त्याला फ्रेंच कनेक्शन या गाजलेल्या सिनेमाच्या धर्तीवर 'द चायनीज कनेक्शन' नाव द्यायचं ठरलं होतं, पण नावांची अदलाबदल झाली आणि ते नाव आपल्या सिनेमाला चिकटलं, आणि बिग बॉस झाला 'फिस्ट्स ऑफ फ्युरी'. एका 'स'चा फरक! मी पुण्यात एका प्रदर्शनात जुन्या डीव्हीडींच्या ढिगातून मोठ्या आनंदाने 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' उचलली, घरी लावली तर बर्फाचा कारखाना. बिग बॉसपण चांगलाय, पण त्या रात्री मला तो नको होता ना. तर सेकंडहँड घेताना पाठीमागचा मजकूर वाचून घ्या.

दुसरी होती ब्रिटनवरून आलेली डीव्हीडी. ती बऱ्यापैकी होती, पण पाल या टीव्ही सिस्टिमची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल टीव्ही २५ चा, त्यामुळे सगळा सिनेमा चार टक्के जोरात पळतो, पावणेदोन तासांचा सिनेमा चारेक मिनिटं आधीच संपतो आणि आवाजाची पट्टी पण किंचित वर चढते. हे आधी मला कधी जाणवलं नव्हतं. ब्लू-रे बघून झाल्यावर ती परत लावली तेव्हा ब्रुसलीची किंकाळी मांजरीसारखी वाटायला लागली, आता ती डिस्क लावायची इच्छाच होत नाही.

आणि तिसरा हा सेट, क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीचा, २०२० मध्ये निघालेला, सात डिस्कचा. बिग बॉस, फिस्ट ऑफ फ्युरी, वे ऑफ द ड्रॅगन, एंटर द ड्रॅगन, गेम ऑफ डेथ हे सगळं एकत्र. न्यू जर्सीचा आतेभाऊ येताना घेऊन आला, अर्ध्या भावाच्या सेलमध्ये मिळाला म्हणाला, त्याच्या बायकोने बॅगेतलं लोणच्याचं वजन धरून ठेवलं होतं ते मात्र कमी करावं लागलं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या, म्हणजे रीजनमधल्या, प्लेअरवरच चालतात. हा सेट अमेरिकेच्या रीजन ए चा आहे आणि ब्लू-रेमध्ये भारत येतो रीजन सी मध्ये. म्हणजे इकडच्या साध्या प्लेअरवर डिस्क टाकली तर स्क्रीनवर एक निरोप येतो आणि विषय संपतो. मी एका दुकानदाराकडून 'सगळं चालतं साहेब' म्हणून प्लेअर घेतला, ते सगळं म्हणजे फक्त डीव्हीडी. डीव्हीडीचं रीजन बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटवरून उघडता येतं, ब्लू-रेचं बहुतेक प्लेअरमध्ये तसं होत नाही, हा फरक त्याला माहीत नव्हता की मला सांगायचा नव्हता, कोण जाणे. तीन आठवडे आणि चार फोन करून बदलून मिळाला. म्हणून घेताना आपली एक रीजन ए ची डिस्क बरोबर न्यायची आणि दुकानातच लावून बघायची. फोर-के डिस्कला ही भानगड नसते, त्यांना रीजन लॉक नाही. ब्रिटनमध्ये ॲरो या कंपनीने २०२३ मध्ये फोर-के सेट काढलाय, तो मी मित्राकडे अर्धा तास बघितला, त्याच्यावर एवढ्यात काही बोलत नाही.

चित्राबद्दल. सिनेमा आहे सिनेमास्कोपच्या मापाचा, उंचीच्या २.३५ पट रुंद. आपण व्हीसीआरवर आणि केबलवर बघितला तो टीव्हीच्या चौकोनात (उंचीच्या १.३३ पट रुंद) बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेला. गणित मांडा, ४३ टक्के चित्र गेलं! डोजोच्या मारामारीत एक वरून घेतलेला शॉट आहे, मध्ये ब्रुसली आणि भोवती जपानी पोरांचं पूर्ण कडं, तो हळूच वळतो तसं कडंही सरकतं. आमच्या कॅसेटमध्ये ते कडं कधी दिसलंच नव्हतं, मध्ये एक माणूस आणि चौकटीच्या कडेने येणारे हातपाय एवढंच. तो किती जणांत अडकलाय हेच कळत नव्हतं, त्यामुळे भीती अशी वाटायचीच नाही.

पण एवढं स्वच्छ दिसण्याचे तोटे पण आहेत बरं का. त्याच मारामारीत तो दोघांना धरून गरागरा फिरवतो, लहानपणी आम्ही त्या ताकदीवर पैजा लावायचो. आता पॉज न करताही दिसतं की ते चक्क पुतळे आहेत, पाय चिंध्यांसारखे लटकतायत. लेक खो खो हसली. मला जरा वाईटच वाटलं.

रंग. जुन्या फिल्मच्या हल्लीच्या रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे डागडुजीत, पिवळट-हिरवट झाक देतात, ती इथे पण थोडी जाणवते, पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखे. पहिले दोन आठवडे मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये झटापट केली, कलर टेंपरेचर एक पायरी गार केलं, मग सोडून दिलं. आता डोळ्याला सवय झालीये.

आवाजावर मात्र भांडायला तयार आहे. डिस्कवर मूळ मँडरिन (चिनी) मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा आवाज, पण आहे आणि इंग्लिश डब पण. कोणता ट्रॅक 'खरा' असं विचाराल तर त्या काळी हाँगकाँगमध्ये शूटिंग मुकंच व्हायचं आणि संवाद नंतर डब व्हायचे, त्यामुळे मँडरिनमध्ये पण जो आवाज ऐकतो तो ब्रुसलीचा नाहीच. त्याच्या फक्त किंकाळ्या. तरी मँडरिन मोनोच लावा. एक तर थिएटरला १९७२ मध्ये लोकांनी हेच ऐकलं. दुसरं म्हणजे इंग्लिश डबमध्ये सगळे जण जेवायला उशीर झाल्यासारखे बोलतात. आणि साउंडबारवाल्यांनो, तो 'सराउंड' नावाचा मोड बंद करा, मोनो आवाज भिंतीवर पसरवून काही होत नाही, ठोसा बाथरूममधून आल्यासारखा वाटतो.

हे सगळं सेटिंग लावून पहिल्यांदा शांतपणे बघितला तेव्हा जाणवलं की मी हा सिनेमा आधी बघितलाच नव्हता. आमच्या डोक्यात तो मारामारीचा सिनेमा. पण सुरुवात काय आहे? भर पावसात गुरूंची शवपेटी खड्ड्यात उतरलीये, हा धावत येतो, त्या पेटीवर उडी घेतो आणि नखांनी माती उकरायला लागतो, शेवटी त्याच्या डोक्यात फावडं घालून त्याला बाहेर काढावं लागतं. आमच्या कॅसेटवर हा भाग काळा होता, नुसता काळा, आणि पोरं ओरडायची की पुढे पळव रे. इथे पावसाचे थेंब दिसतात, पेटीवरचं लाकूड दिसतं, आणि ब्रुसलीचं तोंड दिसतं. शोक करणारा माणूस आहे तो, त्याला सूड बिड नंतर सुचतो. त्याचे गुरुबंधू त्याला अडवत राहतात, संस्था टिकली पाहिजे म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर असतं, कारण याने मारलेल्या प्रत्येक ठोशाची किंमत मागे राहिलेली पोरं चुकवतात. जपानी शाळेचे लोक येऊन यांची शाळा फोडतात तेव्हा हा तिथे नसतो. हे लहानपणी कुणाच्या लक्षात आलं होतं?

आणि आता तो बागेचा सीन. यासाठी मी हा एवढा मोठा मजकूर लिहायला घेतला खरं तर. चेन झेन बागेच्या दारापाशी येतो, भिंतीवर पाटी, कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. एक गोरी बाई कुत्रा घेऊन खुशाल आत जाते. याला अडवणारा पहारेकरी कोण? शीख. पगडी, दाढी, युनिफॉर्म. आपला माणूस! मी हा सिनेमा तीस वर्षांत दहा-बारा वेळा बघितला असेल, मला आठवत होती फक्त ती पाटी आणि ती फोडणारी उडी. कापलेल्या चित्रात, त्या रेघांमध्ये, तो माणूस माझ्यासाठी नुसता एक गणवेश होता.

आणि हे सिनेमावाल्यांनी मनाने घातलेलं नाहीये. शांघायच्या इंटरनॅशनल सेटलमेंटच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या ताब्यातल्या भागाच्या, पोलिसात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इंग्रजांनी पंजाबमधून शीख आणून भरलेले होते. पाटीचं मात्र थोडं वेगळं आहे. शांघायची ती खरी बाग म्हणजे हुआंगपू पार्क, तिच्या खऱ्या नियमांच्या यादीत बाग परदेशी लोकांसाठी राखीव हे एक कलम आणि कुत्रे आणू नयेत हे दुसरं कलम, सिनेमातलं ते एका ओळीतलं वाक्य म्हणजे लोकांच्या मनात राहिलेली पाटी. चिनी लोकांना ती बाग खुली झाली १९२८ मध्ये. आणि शूटिंग शांघायला नाहीच, ते मकाऊच्या कामोंश बागेच्या दारात झालंय.

लेकीने विचारलं, हा इंडियन त्यांच्या बाजूने का आहे? मी इंग्रज, साम्राज्य, नोकरी असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. बाबा तोपर्यंत गप्प होते. बाबांनी सूतगिरणीच्या गेटवर एकतीस वर्षं काढली, टाइमकीपर म्हणून, पाच मिनिटं उशिरा आलेल्याला आत सोडायचं नाही हे त्यांचं काम. ते म्हणाले, "त्येला तरी कुठं बसाय देत असतील आत." एवढंच. मग म्हणाले मागं घे जरा, आणि आम्ही तो सीन परत बघितला, या वेळी ब्रुसलीकडे न बघता.

बाकी किरकोळ. वेषांतराचे सीन, पेपरवाला, रिक्षावाला आणि तो चष्मा लावलेला टेलिफोन दुरुस्तीवाला, हे आता जास्त आवडतात, चष्मेवाला दात काढून हसतो ते बघाच, विनोदी नट म्हणून पण हा माणूस चालला असता. रशियन पैलवानाची मारामारी जरा लांबलीये असं माझं मत, बाबांना मान्य नाही. शेवटी जपानी शाळेचा प्रमुख सुझुकी लाथ खाऊन दार फोडून बाहेर उडतो तो उडणारा माणूस म्हणजे तेव्हाचा स्टंटमन जॅकी चॅन, फ्रेम फ्रेमने बघायचा प्रयत्न केला, पाठच दिसते. लो वेई स्वतः पोलीस इन्स्पेक्टर झालाय आणि दिग्दर्शकाच्या मानाने बरा करतो.

शेवटच्या फ्रेमबद्दल एक तक्रार. चेन झेन बंदुकांवर झेपावतो आणि चित्र हवेतच थिजतं, वर गोळ्यांचा आवाज. माझ्या टीव्हीतला मोशन स्मूद करणारा पर्याय चालू राहिला होता त्यामुळे थिजण्याच्या आधीची उडी तेल लावल्यासारखी घसरली. तो पर्याय पहिल्या दिवशीच बंद करा, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पिक्चर सेटिंगच्या तळाशी सापडेल.

आठ महिन्यांत डिस्क एकदाही अडकली नाही. डबा मात्र पुस्तकासारखा, पानातून डिस्क ओढून काढायची, त्यावर बोटांचे ठसे उठतातच, चष्मा पुसायचं फडकं जवळ ठेवा आणि मधून बाहेरच्या दिशेला पुसा, गोल गोल नाही. बिग बॉसची डिस्क सध्या मित्राकडे आहे. गणपतीपर्यंत परत आण म्हटलंय, बाबांना गल्लीतल्या मंडळात प्रोजेक्टरवर हे दोन्ही लावायचेत आणि मंडळाच्या पोरांना वाटतंय ते देवाचा सिनेमा लावणारेत.