सोरोरिटी हाऊसमध्ये वर्षभर राहायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

सोरोरिटी म्हणजे अमेरिकन विद्यापीठांतली विद्यार्थिनींची संघटना; तिच्या घरात सभासद मुली एकत्र राहतात. खोली मिळाली म्हणजे झोपायची जागा तिथेच असेल, असं धरू नका. इंडियाना, पर्ड्यू, वॉशिंग्टन या विद्यापीठांतल्या बऱ्याच जुन्या घरांत खोलीत फक्त टेबल, कपाट आणि सामान असतं. झोपायचं वरच्या सामाईक हॉलमध्ये. त्याला कुठे स्लीपिंग पोर्च म्हणतात, कुठे कोल्ड डॉर्म. दुमजली पलंगांच्या रांगा, भर दुपारीही अंधार, बोलायला बंदी आणि थंडीतही खिडक्या किलकिल्या. आवाजाचा गजर चालत नाही. मनगटावर थरथरणारं घड्याळच घ्या. फोन पलंगाच्या दांडीला टेकवून व्हायब्रेटवर ठेवला, तर खालचीही जागी होते. चादरी घेण्याआधी गादी ट्विन आहे की ट्विन एक्सएल ते विचारा. एक्सएल 5 इंच लांब असते, तिच्यावर साध्या ट्विनची इलॅस्टिकवाली चादर बसत नाही.

जेवण ही खरी जमेची बाजू. पण स्वयंपाकी सहसा सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार सीरियल, ब्रेड आणि फ्रीजमधलं उरलंसुरलं. लॅब उशिरा सुटत असेल तर लेट प्लेटच्या यादीत वेळेत नाव घाला, नाहीतर ताट झाकून ठेवलेलं नसतं. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगून भागत नाही: भाज्यांचं सूपही चिकन स्टॉकमध्ये उकळलेलं असू शकतं. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाक्याला गाठा आणि अंडं चालतं का, राजमा-छोले-टोफू मिळेल का, ते स्पष्ट बोला. खोलीत इंडक्शन लावायला बहुधा मनाई असते. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला की सगळं घर रस्त्यावर!

पैशांचं नीट बघा. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, सभासदत्वाचे ड्यूज वेगळे, वर दंड. करार बहुतेक पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो. जानेवारीत सोडायचं तर आपल्या जागी कोणी शोधावी लागते. अनेक चॅप्टर (म्हणजे सोरोरिटीच्या त्या-त्या विद्यापीठातल्या शाखा) घरात राहण्याची सक्तीही करतात, कारण पलंग रिकामे राहिले तरी घराचा खर्च थांबत नाही. नाताळच्या सुट्टीत घराला कुलूप लागतं. भारतात येणार नसाल तर सोय आधीच करा. उलट अनेक ठिकाणी रिक्रूटमेंटसाठी, म्हणजे नव्या सभासद निवडायच्या फेऱ्यांसाठी, वर्गांच्या आधीच हजर व्हावं लागतं, तेव्हा स्वस्त तिकीट बघून तारीख ठरवू नका.

घरात दारू सहसा चालत नाही, मुलांना वरच्या मजल्यांवर प्रवेश नसतो. आईवडिलांना हे जरूर सांगा, निम्मी काळजी मिटते.

एमएससाठी जाणाऱ्यांनी यात पडू नये. सभासदत्व मुळात पदवीच्या विद्यार्थिनींसाठी आहे. काही घरं उन्हाळ्यात बाहेरच्यांना खोल्या देतात. इंटर्नशिपपुरती तेवढी चौकशी करून बघा.