दोष अर्थच्या पट्टीत, बिल मात्र कंप्युटरचे

माझ्याकडे 1988 सालची दोन आसनांची स्पोर्ट्स कार आहे. तिच्या वायरिंगमधील एका बिघाडाच्या निमित्ताने एका गॅरेजवाल्याने मला लागोपाठ तीनदा फसवले आणि तिन्ही वेळा समोर ठेवलेला पुरावा वरवर पाहता खरा वाटावा असाच होता. जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्या आणखी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचे, कधी नुसताच ‘टक’ असा आवाज होऊन सगळे शांत व्हायचे. रात्री हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर सरकायचा आणि दिवे बंद करताच खाली यायचा. दिवे लावल्याने इंजिनातले पाणी तापत नसते, तेव्हा काटा हलण्याचे कारण वायरिंगमध्येच असणार, हे त्याच वेळी लक्षात यायला हवे होते. ते आले नाही आणि मी गाडी गॅरेजमध्ये नेऊन सोडली.

पहिल्या खेपेला बॅटरी बदलण्यात आली. चार दिवसांनी तीच तक्रार घेऊन गेलो, तेव्हा गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून, दिवे आणि ब्लोअर लावून बॅटरीवर मीटर धरला; 13.5 व्होल्ट दिसले. “चौदाच्या वर पाहिजे, अल्टरनेटर गेला,” असे त्याने सांगितले (अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि संध्याकाळी काळ्या रंगाने चकाकणारा ‘नवा’ अल्टरनेटर बसवून गाडी माझ्या ताब्यात दिली. तिसऱ्या खेपेला त्याने कंप्युटरने तपासणी केल्याचे सांगून एक छापील कागद हातात ठेवला. त्यावर पी0562 हा कोड आणि पुढे ‘सिस्टिम व्होल्टेज लो’ असे लिहिलेले होते. इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर, खराब झाला आहे, संपूर्ण वायरिंग हार्नेसही बदलावा लागेल, जुन्या गाड्यांचे असेच असते, असे तो म्हणाला. हे ऐकून मी गाडी घरी घेऊन आलो, कारण नेमका दोष कोणत्या तारेत आहे हे दाखवता येत नसताना सगळ्याच तारा बदलायला सांगणे म्हणजे दोष सापडलेला नसणे, एवढे मला कळत होते.

त्या कागदाचा खोटेपणा आधी उघड झाला. पी0 ने सुरू होणारे पाच अक्षरी कोड ओबीडी-2 या, गाडीच्या कंप्युटरने दोष कसे कळवावेत हे ठरवणाऱ्या, मानकातले आहेत आणि ते मानक अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून सर्व नव्या कारना सक्तीचे झाले. हे कोड वाचण्यासाठी ज्यात यंत्र जोडतात, ते सोळा पिनांचे सॉकेटच माझ्या गाडीत नाही. तिचा कंट्रोल युनिट दोष सांगतो तो डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून, आणि ते लुकलुकणे मोजावे लागते. म्हणजे तो कागद दुसऱ्याच एखाद्या गाडीचा होता.

त्यानंतर मी मीटर घेऊन स्वतः बसलो. माझ्या गाडीची बॅटरी डिकीत आहे आणि तिची निगेटिव्ह तार बॉडीला जोडलेली आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीशी त्याचा विद्युतसंबंध येतो तो तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीतून; हीच अर्थची (अर्थिंगची) पट्टी. सेल्फ मारताना शंभरहून अधिक अँपिअर प्रवाह याच पट्टीतून परत जातो. एवढ्या प्रवाहाला शंभरावा हिस्सा ओहम इतका रोध आडवा आला तरी एक व्होल्ट वाया जातो, आणि साध्या मीटरवर ओहम मोजले तर इतका लहान रोध दिसतच नाही. बहुतेकांची दिशाभूल इथेच होते. मीही आधी ओहमच मोजले आणि पट्टी ठणठणीत आहे असे समजलो. खरी तपासणी भार असताना, म्हणजे तारेतून मोठा प्रवाह वाहत असताना, व्होल्ट मोजूनच होते. इग्निशनची जोडणी काढून इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था केली, मीटरची एक तार इंजिनाच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावली आणि मित्राला सेल्फ मारायला सांगितले. पाव व्होल्टच्या आत यायला हवे होते, तिथे 1.9 आले.

पट्टी काढली तेव्हा तिच्या टोकाशी हिरवी पूड साचलेली होती आणि चिमटीत धरताच अर्धेअधिक धागे गळून पडले. ॲक्सिलरेटरच्या केबलचे प्लॅस्टिकचे आवरण एका जागी वितळून चपटे झाले होते. वाट अडल्यामुळे सेल्फचा काही प्रवाह त्या बारीक केबलमधून जात होता. तिथून आग लागू शकली असती, याचा मला आजही सर्वांत जास्त संताप येतो, कारण तीन वेळा बॉनेट उघडणाऱ्या माणसाला ती केबल दिसली नसेल हे मला पटत नाही.

नवी पट्टी लावली, तिच्याखालचा रंग आणि गंज घासून धातू उघडा केला, तपासणीत 0.1 व्होल्ट आले. इंजिन चालू करून दिवे, ब्लोअर लावले तर बॅटरीवर 14.1 व्होल्ट. काटा जागचा हलत नाही. अल्टरनेटर आधीही बरोबरच होता, कमी पडत होती ती परतीची वाट.

तो ‘नवा’ अल्टरनेटर पाहण्यासाठी मी दिवा घेऊन गाडीखाली गेलो. रंग बोल्टच्या आट्यांवरही बसलेला होता आणि त्याखाली तेलकट धूळ तशीच होती. मागच्या झाकणावर काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून पान्याने पडलेला तिरपा ओरखडा होता. माझाच अल्टरनेटर रंगवून मला विकण्यात आला होता.

म्हणून गाडी सोडण्याआधी बॅटरी, अल्टरनेटर आणि सेल्फ यांवर दिसणार नाही अशा जागी खूण करावी, त्यांचे फोटो काढावेत आणि जुना भाग परत मिळेल असे कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. पार्ट बदलण्याआधी पॉझिटिव्ह आणि अर्थ अशा दोन्ही बाजूंना भार असताना किती व्होल्ट पडतात, ते आकडे आपल्यासमोर मोजायला सांगावेत. पाच मिनिटांचे हे काम करायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

ओरखड्याचा जुना फोटो माझ्याकडे होता आणि बिलावर ‘अल्टरनेटर नवा’ असे स्पष्ट लिहिलेले होते. तेवढ्याच बळावर अल्टरनेटरचे पैसे भांडून परत मिळवले. बॅटरीचे आणि कंप्युटर तपासणीचे मात्र मिळाले नाहीत.