बिनरंगाची रेडीमेड एमडीएफ शटर : पाट चांगला, कडा कच्च्या

किचन ट्रॉलीसाठी मापात कापलेली, रंग न दिलेली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) शटर, म्हणजे दारं, घेऊन घरी रंगवायचा बेत असेल, तर माल वाईट नाही. १८ मिमी जाडी, सपाट पाट (म्हणजे फळीची रुंद बाजू), बिजागरीची ३५ मिमीची भोकं बऱ्याचदा पाडूनच येतात. पाटावर खोट काढायला जागा नाही. सगळी भानगड कडांची.

कापलेल्या कडेचे तंतू उघडे असतात. ते रंग पितात, फुगतात आणि वाळल्यावर कड हाताला खरखरीत लागते. वरून कितीही हात मारा, ती तशीच राहते. म्हणून आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग एनसी पुट्टी (लाकडाला लावायची, नायट्रोसेल्युलोजची) बोटाने दाबून चोळायची, वाळली की २४० ने घासून वूड प्रायमर. कडेपुरतं हे दोनदा करा. भिंतीची पुट्टी उरलीय म्हणून तीच थापू नका, दार आपटलं की पापुद्रा सुटतो.

मागची बाजू कच्ची ठेवणं हा दुसरा घोळ. तिकडून दमट हवा शिरते, पुढून शिरत नाही, मग दार वाकतं. प्रायमर आणि रंग दोन्हीकडे सारखेच हवेत.

रंग पाण्याचा इनॅमल घ्या, सॅटिन. तेलाचा पांढरा वर्षा-दोन वर्षांत पिवळट पडतो. मॅट दिसतो झकास, पण तांबड्या रश्श्याच्या फोडणीचे शिंतोडे आणि हळद त्यात मुरते. ६०० बाय ७२० मिमीच्या सहा शटरना, दोन्ही बाजू धरून, दोन हातांना एक लिटर कसाबसा पुरतो. चार इंची फोम रोलर, पातळ हात, दोन हातांच्या मध्ये ३२० चा हलका पेपर. हाताला कोरडा लागला तरी आठवडाभर ओल्या फडक्याने पुसू नका.

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात थिनरचा लॅकर मारूच नये. हवेतली ओल धरून तो पांढुरका पडतो.

भोकं स्वतः पाडणार असाल तर रंगाआधी पाडा. खोली साधारण १२ मिमी, त्याहून खाली गेलात तर पुढचा पाट पातळ राहतो. ९०० मिमीपर्यंत उंचीला दोन बिजागऱ्या, पुढे तीन. सिंकखालच्या दाराला मात्र साधा एमडीएफ नको, तिथं एचडीएचएमआरच (जास्त घट्ट, ओल सोसणारी फळी) मागा.