साबणाचा फेस आणि साडेचौदा हजार

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवण्याच्या नादात घरात व्हायची तेवढी शोभा झालेली आहे. १४,५०० रुपये. व्हिजिट चार्ज ४९९, एसीची ‘ओरिजिनल’ कॉइल, म्हणजे आतली तांब्याच्या नळ्यांची जाळी, ९,२००, गॅस ३,२००, फिटिंग १,८००. बेरीज १४,६९९ येते, पण दुरुस्तीला आलेल्या मुलाने वरचे १९९ सोडले. “आप टीचर रहे हो अंकल, आपसे क्या पूरा लेना.” आणि ३१ वर्षं इंदूरच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेला मी त्याला थँक्यू म्हणालो. हिने त्याला लिंबाचं सरबत दिलं ते वेगळंच.

ओटीपी, केवायसी, लॉटरी, अडकलेलं पार्सल, या सगळ्यांना मी आजवर पुरून उरलो होतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘सावध राहा’ टाकणारा मीच. फसलो तो समोरासमोर, भरदिवसा, माझ्याच शिडीवर उभ्या असलेल्या माणसाकडून.

मे महिन्याचा पहिला आठवडा. शब-ए-मालवा म्हणून एके काळी इथल्या गार रात्रींचं कौतुक व्हायचं, आता रात्री अकरालाही गच्चीवर पाय भाजतो. दुपारी पारा ४२ वर. मुलगी पुण्याहून आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन ९ तारखेला येणार, आणि ६ तारखेला आमच्या दीड टनाच्या एसीने मान टाकली. म्हणजे बंद नाही पडला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८ वर ठेवला तर दोन तासांनी खोली कशीबशी २७ पर्यंत यायची. गार करत होता, कमी करत होता.

कंपनीचं नाव आणि पुढे ‘इंदौर सर्विस सेंटर’ एवढं मोबाइलवर टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. हसा. वॉरंटी कार्ड कपाटात होतं, त्यावर कंपनीचा खरा नंबर होता, आणि कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. पण गुडघा दुखत होता. हे कारण मी घरी सांगितलं तेव्हा हिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

दीड तासात दोन मुलं हजर. निळे टी-शर्ट, छातीवर कंपनीचं चिन्ह. तसले टी-शर्ट कोणीही छापून घेऊ शकतं, हे आता कळतं. मोठा असेल पंचविशीचा. आत आल्या आल्या वाकून नमस्कार, दारावरची पाटी वाचून “आप लोग मराठी हो? मेरी नानी भी मराठी बोलती थी.” झालं. नानीने माझं अर्धं काम तमाम केलं.

आता तो क्षण. रोज रात्री दीड-दोनला जाग येते आणि हाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो आधी गॅलरीतल्या आउटडोअर युनिटकडे गेला. धाकटा आत माझ्याशी बोलत राहिला, एसी कधी घेतला, सर्व्हिसिंग कधी केलं, वगैरे. बाहेरून फुस्स असा आवाज आला. चांगला मिनिटभर. मी विचारलं, हे काय? “प्रेशर चेक कर रहे हैं.” मग मला बाहेर बोलावून दाब मोजायचा गेज दाखवला. काटा शून्यावर. “देखो अंकल, गैस निल. लीकेज है.”

मग आत येऊन पुढचं झाकण काढलं आणि हिला म्हणाला, “आंटी, एक शैम्पू की पुड़िया और थोड़ा पानी.” स्पंजने भरपूर फेस केला, कॉइलवर थापला आणि मोबाइलचा टॉर्च मारला. बुडबुडे. इथे, तिथे, खाली कोपऱ्यात. “एक, दो, ये तीसरा. कॉइल गई.”

मी मान डोलावली.

गेजचा काटा शून्यावर होता. म्हणजे नळीत दाब नव्हता. आत आणि बाहेर दाब सारखा असेल तर हवा कुठून कुठे जाणार? बुडबुडा फुगवणार कोण? नववीतल्या पोराने मला हे विचारलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. माझ्या डोळ्यांसमोर नुसता शाम्पूचा फेस फुटत होता, जसा तो बादलीत फुटतो, डोक्यावर फुटतो, आणि मी त्याला गळती समजत होतो. शिवाय गॅस खरोखर आधीपासून ‘निल’ असता तर सकाळी खोली २७ पर्यंत आलीच कशी असती? ती फुस्स म्हणजे माझाच गॅस होता, माझ्याच गॅलरीतून चाललेला. उन्हाळ्यात आर-३२ गॅसचा दाब बंद एसीतसुद्धा वातावरणाच्या वीसपटीहून जास्त असतो, तेवढी फुस्स होणारच.

माझ्या बाजूने एकच गोष्ट सांगतो. तो म्हणाला, “पीछे नाला है ना अंकल, नाले की गैस कॉपर को खा जाती है.” आणि हे खोटं नाही! नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तांबं काळं पडतं, बारीक छिद्रंही पडू शकतात. मी स्वतः वर्गात हे शिकवलेलं. तेव्हा जो माणूस एक गोष्ट बरोबर बोलतो तो दुसरीही बरोबर बोलत असेल असं वाटतंच. अडाणी माणूस कदाचित वाचला असता. मी माझ्या ज्ञानापायी बुडालो.

आगाऊ ६,००० यूपीआयने दिले. पैसे जाताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानाचं होतं. वाचलं. वाचून पिन टाकला.

जुनी कॉइल ते घेऊन गेले. “कंपनी में जमा करनी पड़ती है.” पैसे आपण मोजले तर जुना भाग आपला. तांब्याचा आजचा भाव बघा म्हणजे त्याला जमा करायची एवढी घाई का होती ते कळेल. तीन तासांनी नवीन आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, खोक्यावर ना स्टिकर, ना पार्ट नंबर. सोनेरी जाळी मात्र लखलखीत. “गोल्ड फिन है, आपकी वाली से भी अच्छी.” व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता. गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला नाही, कानाशी हलवून पाहिला. रात्री नऊला गार हवा आली, मी उरलेले ८,५०० दिले, ५,००० यूपीआय आणि ३,५०० रोख, कारण “लिमिट चल रही है”. बिलही मिळालं. जीएसटी क्रमांकासकट.

तो क्रमांक मी नंतर पाहिला. ०७ ने सुरू होतो. मध्य प्रदेशचा कोड २३ आहे, ०७ दिल्लीचा. आणि मोजले तर अक्षरं-आकडे चौदाच भरले, असायला हवेत पंधरा. जीएसटीच्या वेबसाइटवर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो, अर्धं मिनिट लागतं. पैसे द्यायच्या आधी तपासा, नंतर तपासून माझ्यासारखं नुसतं चरफडायला होतं.

चार दिवस एसी चालला. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, आतून पाणी गळतंय.” झाकण उघडलं तर जाळीवर बर्फ. नातवाच्या अंगावर घामोळं उठलेलं, मुलगी गप्प, आणि त्या मुलाचा फोन बंद. हिने गळलेलं पाणी पुसताना जाळीवरूनही फडकं फिरवलं. फडक्याला सोनेरी रंग लागला.

स्प्रे पेंट. गणपतीच्या मखराला मारतात तो.

भाच्याने मग महाराणी रोडवरचा त्याच्या ओळखीचा एक जुना मेकॅनिक पाठवला. साठीचा माणूस, कमी बोलणारा. त्याने आधी बाहेरच्या युनिटची नळी पाहिली, मग आत कॉइल. कॉइल एक टनाची होती, कुठल्या तरी भंगारातल्या एसीतून काढलेली. बाजूला उरलेल्या फटीत थर्माकोल कोंबून वर टेप लावलेली. वाकांवर ताज्या वेल्डिंगचे काळे डाग. गॅस निम्माही नव्हता, म्हणून बर्फ.

मी त्याला फेसाची हकिकत सांगितली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. एवढंच म्हणाला, “साहब, गैस तो उसने पहले निकाल दी थी. फिर बुलबुला कौन फुलाएगा?”

त्याने मला मूळ दुखणंही दाखवलं. बाहेरच्या युनिटला नळी जोडतात तिथल्या पितळी नटाभोवती तेलकट काळी धूळ बसली होती. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, जिथून गॅस गळतो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते. गळती शोधायची तर आधी तेल शोधा. माझ्या जुन्या कॉइलवर तेलाचा एक डाग नव्हता, नुसती धूळ होती, हे मला आता स्वच्छ आठवतं. नटाचा जोड नव्याने करून गॅस भरायला खर्च किती आला असता? त्याने हिशोब केला, २,४०० रुपये.

खरी पद्धत त्याने नंतर माझ्यासमोर करून दाखवली. नायट्रोजन दाबाने भरायचा, मग साबण लावायचा. मग पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढायची, अर्धा तास तरी. मग गॅस काट्यावर मोजून, युनिटच्या पाटीवर लिहिला असेल तेवढाच, माझ्या पाटीवर ७८० ग्रॅम आहे. गॅस ही काही पेट्रोलसारखी संपणारी चीज नाही. ‘दरवर्षी थोडा भरावा लागतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कंपनीची कॉइल ७,९४०, गॅस आणि मजुरी ३,९००. म्हणजे आणखी ११,८४०. दोन्ही मिळून २६,३४०. मुलीने हळूच विचारलं की यात थोडे घालून नवाच आला नसता का. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

आता दाद मागण्याची कथा. कंपनीच्या खऱ्या नंबरावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की तो नंबर आमचा नाही, आणि बाहेरच्या माणसाने युनिट उघडल्यामुळे उरलेली वॉरंटीही आता लागू नाही. अहो, तुमच्या नावाने कोणी दुकान मांडून बसलंय, त्याचं काही? “आपकी शिकायत नोट कर ली है.” नोट केलेल्या तक्रारींचं पुढे काय होतं हे कोणाला माहीत असेल तर मलाही कळवा.

पोलिसांकडे गेलो. पाऊण तास बाकावर. हवालदार म्हणाला, हे तर आपसी लेनदेन. काम केलं, पैसे घेतले, तुम्हाला काम आवडलं नाही. मी म्हटलं, काम नाही, भंगार लावून गेला, ही फसवणूक आहे, ४२० आहे. त्यावर त्याने मला सुधारलं, “सर, अब ४२० नहीं, ३१८ लगती है.” जुलै २०२४ पासून कलमाचा आकडा बदललाय, एवढी माहिती त्याच्याकडे चोख होती. ते कलम लावायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं. आवेदन घेतलं, पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कुलपात. नंबर इंटरनेटवरचा म्हणून सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, माणूस तुमच्या घरी आला, यात सायबर काय? ठाण्यात जा. दोन्ही ठिकाणांमध्ये रिक्षाचे २४० रुपये झाले, तेही या खात्यात लिहून ठेवलेत.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि तेव्हाच लक्षात आलं तर ताबडतोब १९३० ला फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत कधी कधी अडवता येतात. मला कळलं पाचव्या दिवशी. तोवर त्या ६,००० आणि ५,००० नी कुठवर प्रवास केला असेल देव जाणे.

एका सरकारी तक्रार नंबरावरही नोंदवलं. नवव्या दिवशी मेसेज आला, ‘आपकी शिकायत का संतोषजनक निराकरण कर दिया गया है.’ संतोष कोणाचा? मला एकही फोन आला नव्हता. पुन्हा उघडली, पुन्हा बंद झाली, या वेळी सहा दिवसांत. कामाचा वेग वाढलाय म्हणायचा.

ग्राहक आयोगात जावं, तिथे ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, असं शेजारच्या वकीलकाकांनी सांगितलं. मग विचारलं, विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता काय लिहायचा? बिलावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आलो होतो. तिथे पोह्या-जिलेबीचं दुकान आहे. दुकानदार बिचारा वैतागलाय, त्याच्याकडे याच महिन्यात माझ्याआधी दोघं येऊन गेले. तेव्हा कोणी घरी येताच त्याचा, त्याच्या गाडीच्या नंबराचा आणि एसीवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, संकोच करू नका. माझ्याकडे फोटो आहे तो नातवासाठी काढलेला, त्यात मागे शिडीवर एक निळी पाठ दिसते.

मी ठाण्यात परत जाऊन एक साधा उपाय सुचवला. त्या मुलाचा फोन बंद असला तरी इंटरनेटवरचा तो ‘सर्विस सेंटर’चा नंबर अजून चालू आहे, मी दुसऱ्या घरून फोन करतो, ते आले की तुम्ही धरा. ड्युटीवरचा साहेब म्हणाला, “सर, स्टाफ नहीं है, वीआईपी ड्यूटी चल रही है.”

तरी काल मी शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून तो नंबर लावलाच. पहिल्या रिंगला उचलला. तोच आवाज, तीच अदब. मी आवाज बदलून म्हटलं, एसी ठंडा नहीं कर रहा. “हो जाएगा सर, पता लिखवाइए, डेढ़ घंटे में लड़का पहुँच जाएगा. व्हिजिट चार्ज ५९९ रहेगा.”