पॉइंट टू-टू पिस्तूल, हलकी काडतुसं आणि आमचा पावसाळा: अकरा महिन्यांनंतर

क्लबची रेंज, दहा सेकंदांची मालिका, चार गोळ्या गेल्या आणि पाचवीच्या वेळी चाप नुसताच मागे आला. पाहिलं तर स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी. डावा हात वर केला, नळी टार्गेटकडेच ठेवली आणि रेंज ऑफिसरची वाट बघत उभा राहिलो. अशा वेळी हात आपोआप स्लाइडकडे जातो आणि तिथंच माणूस फसतो. पिस्तूल ऑफिसरच्या हाती देण्याआधी आपण यंत्रणेला हात लावला, की तो अडथळा नियमाप्रमाणे ग्राह्य धरत नाहीत. त्या सकाळी, चवथीच्या आधीच्या आठवड्यात, असा हात मी तीनदा वर केला. बाजूच्या पॉइंटवरचा बारावीतला मुलगा म्हणाला, "काका, आज तुमची हजेरी चाललीय की काय?"

पिस्तूल फेब्रुवारीत घेतलं. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची गोळीचं. युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीचं, पण जुनं. पुण्याच्या एका नेमबाजाकडून परवान्यावर चढवून घेतलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही तक्रार शेवटी कंपनीच्या दोषाची निघालीच नाही. नेम, चाप, मूठ यांबद्दल एका वाक्यात सांगतो: माझ्या कुवतीपेक्षा पिस्तूल चांगलं आहे. चाप ओढायला लागणारा जोर नियमातल्या एक किलोच्या किमान मर्यादेच्या किंचित वर बसवलाय आणि अकरा महिन्यांत तो हललेला नाही. बाकी सगळं लिखाण अडथळ्यांबद्दलच आहे, कारण माझे तीन महिने त्यातच गेले.

हलकी काडतुसं कशासाठी, हे आधी सांगायला हवं. स्टँडर्ड पिस्तूल या स्पर्धाप्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात, आधी दीडशे सेकंदांत, मग वीस, मग दहा. दहा सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या तर प्रत्येक धक्क्यानंतर साइट पुन्हा काळ्या गोलाखाली आणायला वेळच उरत नाही. धक्का जितका कमी तितकं बरं. हा मोह जुनाच आहे. रॅपिड फायर या झटपट नेमबाजीच्या प्रकारातले पूर्वी त्यासाठी पॉइंट टू-टू शॉर्ट हे आखूड, कमी जोराचं काडतूस वापरत. २००५ पासून त्यांनाही लाँग रायफल, म्हणजे पॉइंट टू-टूचं नेहमीचं लांब काडतूसच सक्तीचं झालं. मग उरतात लाँग रायफलमधलीच सौम्य, पिस्तुलासाठी म्हणून विकली जाणारी काडतुसं. जूनमध्ये मला त्यांचे काही डबे मिळाले.

इंटरनेटवर शोधलं तर परदेशी लोक सांगतात, पावडर थोडी वाढवा. तिकडे पॉइंट थर्टी-टूची सपाट नाकाची वॉडकटर काडतुसं घरी भरणारे पुष्कळ आहेत, त्यांचं ठीक आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे काडतूस बनवायलाही परवाना लागतो. घरी मिक्सरशेजारी काडतुसं भरायचा प्रेस मांडून बसायची सोय नाही. शिवाय पॉइंट टू-टूमध्ये आग लावणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा पिन बसून कड चेपली, की ती पुंगळी संपली. म्हणजे काडतूस बदलता येत नाही, बदलायचं ते पिस्तूल आणि त्याला धरणारा हात.

आता हलक्या काडतुसानं स्लाइड का अडते, ते माझ्या भाषेत. घरी वडिलांची बाराबोर बंदूक आहे, काजूच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून घेतलेली. ती माझ्याहून म्हातारी, तिला कोण कधी तेल घालतं देव जाणे, पण तिनं आजवर कुणाला अडवलेलं नाही. कारण ती हातानं मधोमध मोडून उघडायची, हातानं भरायची. काडतूस जोरात होतं की फुसकं, तिला पत्ताच नसतो. माझ्या पिस्तुलात मात्र पुढची गोळी चढवण्याचं काम आधीच्या गोळीनंच करायचं असतं. पॉइंट टू-टूमध्ये स्लाइडला कुलूप नसतं. तिचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच पुंगळी थोपवून धरलेली असते. चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी पुढे जाते आणि त्याच हिशेबानं पुंगळी स्लाइडला मागे ढकलते. गोळीचा वेग दहा टक्के उतरला, तर स्लाइडच्या वाट्याची ऊर्जा जवळजवळ पाचव्या हिश्शानं घटते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. स्प्रिंग दाबायला आणि घर्षणाला लागणारा वाटा मात्र तेवढाच राहतो. पगार कापला गेला, घरभाडं आहे तेवढंच, अशी गत.

पण मी जूनमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काडतुसं बदलली ती एक. दुसरी, पाऊस सुरू होताच पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून स्लाइड ज्यांवर सरकते त्या रेल्सना ग्रीस फासलं. गोव्यात म्हापशात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आमच्याकडे जूनपासून चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, कपाटात बल्ब पेटता ठेवावा लागतो, आणि समुद्राकडून येणारी हवा लोखंडाला चाटूनच जाते. आधीच्या पावसाळ्यात क्लबमधल्या एकाच्या नळीवर तांबूस ठिपके पाहिले होते, त्यामुळे मी जरा जास्तच उदार झालो. बायको म्हणाली, "त्याला पाजता त्यातलं दोन थेंब दाराच्या बिजागरीला पाजा." अडथळे जुलैत सुरू झाले आणि मी आळ घातला तो काडतुसांवर.

कोचनी एक वही हातात ठेवली. "जॅम झालं असं लिहायचं नाही, काय दिसलं ते लिहायचं," एवढंच म्हणाले. जुलै ते सप्टेंबर मी सहाशे गोळ्या मारल्या आणि त्यांत एकतीस नोंदी झाल्या. चौदा वेळा पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकली. आठ वेळा पुंगळी बाहेर पडली, पण नवं काडतूस चढलंच नाही, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामी आणि नुसता टक्क आवाज. पाच वेळा काडतूस नाक खाली घालून मॅगझिनच्या तोंडाशी आडवं. आणि चार वेळा काडतूस चेंबरमध्ये गेलं, पण स्लाइड केसभर उघडी राहिली, अंगठ्यानं ढकलली तर बंद झाली.

पहिले दोन प्रकार एकाच घरचे. स्लाइड मागे गेली, पण पूर्ण नाही. पहिल्यात पुंगळी तिला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर जोरात आपटली नाही. दुसऱ्यात स्लाइड मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसाच्या मागेपर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे परतताना त्याला उचलू शकली नाही. हे ताडून बघायची सोपी चाचणी आहे: मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून मारायची. स्लाइड मागे अडकून उघडी राहिली तर तिला पूर्ण धाव मिळाली. पुढे येऊन बंद झाली तर धाव अपुरी. माझ्या दहातल्या सहा वेळा ती बंद झाली.

चौथा प्रकार नेमका उलटा. तिथं स्लाइडला मागे जायला जोर कमी पडत नव्हता, पुढे येऊन काडतूस पूर्ण बसवायला कमी पडत होता. ह्या गोळ्यांवर मेणाचा थर असतो. मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या काठाशी कडं तयार होतं. मी या चार नोंदी बाकीच्यांत मिसळल्या असत्या, तर सगळ्यांनी सांगितलेला उपाय, म्हणजे स्प्रिंग नरम करा, डोळे मिटून केला असता आणि हा प्रकार चारवरून चौदावर नेला असता. नरम स्प्रिंगनं स्लाइड मागे सहज जाते, पण पुढे येताना ढकलायलाही तीच स्प्रिंग असते. ही गोष्ट मला वहीतच कळली, पिस्तूल हातात घेऊन कळली नसती.

मग एकेक. आधी चेंबर: दर शंभर गोळ्यांनी ब्रॉन्झचा ब्रश, नळी खाली धरून. चौथा प्रकार तिथंच संपला. ग्रीस पूर्ण पुसून पातळ तेलाचा एक थेंब प्रत्येक रेलवर, आणि घरी ठेवताना पिस्तूल सिलिका जेलच्या पिशव्यांसकट डब्यात. गंजाचं काम डब्यावर सोपवलं, स्लाइडवर नाही. एक-गोळी चाचणीत दहापैकी सहाचे तीन झाले. बरं, पण बरं म्हणजे बरोबर नव्हे.

मनगटाचा मुद्दा मी बराच काळ टाळला, वयाचा अपमान वाटतो म्हणून. मूठ ढिली असेल तर स्लाइड मागे जाताना सगळं पिस्तूलच मागे जातं आणि स्लाइडला मिळायचा जोर हातात मुरतो. जोरदार काडतुसाला हे चालून जातं, हलक्याला नाही. वहीत दिसत होतं की बहुतेक नोंदी चाळिसाव्या गोळीनंतरच्या आहेत. पण त्याच वेळी चेंबरही घाण झालेलं असतं, तेव्हा दोष कुणाचा? म्हणून एका दिवशी चाळिसाव्या गोळीला थांबून चेंबर साफ केलं आणि पुन्हा मारलं. धुराडी आलीच. मग तेच पिस्तूल, तीच काडतुसं त्या बारावीच्या मुलाच्या हातात, कोच शेजारी उभे. त्याच्या वीस गोळ्यांत एक. माझ्या वीसमध्ये चार. काय बोलणार! त्या दिवसापासून रबरी चेंडू गाडीत ठेवलाय, पर्वरीच्या सिग्नलला दाबत बसतो.

तरी त्याच्या हातातही एक आलाच, म्हणजे पिस्तुलात अजून काही होतं. क्लबमध्ये याच मॉडेलचं आणखी एक आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मासळी जोखायचा स्प्रिंगचा काटा आणला. दोन्ही पिस्तुलं रिकामी, मॅगझिन काढलेलं, चेंबर दोघांनी बघितलेलं, हॅमर, म्हणजे पिनवर आपटणारा घोडा, आधीच चढवलेला, नाहीतर त्याची स्प्रिंगही वजनात येते. दोरीचा फास घालून स्लाइड मागे ओढली. क्लबमधलं दुसरं पिस्तूल साडेतीन किलोच्या आत, माझं साडेचारला. बांगडे जोखायच्या काट्यावर इतका फरक दिसतो म्हटल्यावर शंका कसली.

पुण्याच्या नेमबाजाला फोन केला. म्हणाले, "अहो, मी सरावाला स्वस्तातली हाय व्हेलॉसिटी, जोरदार काडतुसं मारायचो, म्हणून कडक स्प्रिंग घातली होती. मूळची पेटीतच असेल बघा." पेटीच्या फोमखाली कागदी पुडीत होती. फेब्रुवारीपासून ती मी दर वेळी बघत होतो आणि 'सुटा भाग, ठेवू' म्हणून पुन्हा फोमखाली सरकवत होतो.

शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक आर्मररकडून ती बसवून घेतली. एक-गोळी चाचणीत दहापैकी दहा वेळा स्लाइड उघडी. कडक स्प्रिंग फेकलेली नाही: जोरदार काडतुसं मारायची वेळ आली तर ती परत घालायची, नाहीतर नरम स्प्रिंगवर स्लाइड मागच्या फ्रेमवर आपटत राहते आणि ते नुकसान स्प्रिंगच्या किमतीत भरून निघत नाही. कुणी स्प्रिंगचे वेढे कापून नरम करायला सांगेल, त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. ऑगस्टमध्ये एकदा गोळीचा आवाज नेहमीच्या ठस्सऐवजी फुस्स आला आणि टार्गेटवर भोक दिसेना. अडथळ्यांची इतकी सवय झाली होती की माझा डावा हात स्लाइड ओढायला निघाला होता. कोचनी ओरडून थांबवलं. अर्धा मिनिट पिस्तूल टार्गेटकडे धरून ठेवलं, मग मॅगझिन काढून, चेंबर मोकळं करून नळीत दांडा घातला, तर गोळी अर्ध्यावर अडकलेली. वर दुसरी मारली असती तर नळी गेली असती, कदाचित हातही. हलकी काडतुसं वापरणाऱ्यानं आवाज कानानं मोजायला शिकावं. इअरमफखालूनही तो फरक कळतो.

ऑक्टोबरपासून आजपर्यंत पाचशेच्या वर गोळ्या झाल्या. अडथळे तीन, तिन्ही नाक खाली घालणारे, तिन्ही दुसऱ्या मॅगझिनमधून. त्याच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ पहिल्यापेक्षा किंचित जास्त फाकलेले आहेत, कॅलिपरनं दिसतं. पक्कड घेऊन ते दाबायचा धीर मला झालेला नाही. त्यावर मुलीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय आणि ते फक्त सरावाला वापरतो. नवं मॅगझिन मागवलंय, कधी येईल ते कळलेलं नाही.